किती पाकिटं वाटली ते नको, किती जणांनी प्यायलं ते सांगा

दर जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आम्हा पत्रकारांच्या ग्रुपवर एक प्रेसनोट येते. मजकूर ठरलेला. पावसाळ्याच्या पार्श्वभूमीवर यंत्रणा सज्ज, इतक्या विहिरींत टीसीएल पावडर टाकली, जलसंजीवनीची इतकी पाकिटं वाटली. वीस वर्षं मी ही प्रेसनोट छापतोय. आकडे बदलतात, वाक्यं तीच राहतात.

यंदा बातमी दिल्यावर गावाबाहेरच्या एका वस्तीवर वेगळ्याच कामासाठी गेलो होतो. तिथल्या एका आजीच्या फडताळात ही चार पाकिटं दिसली, न फोडलेली. आठच दिवसांपूर्वी तिच्या नातवाला जुलाब झाले होते. तेव्हा आजीनं काय केलं, तर त्याचं पाणी बंद केलं. का? तर "पोटात काही ठरतच नाही, मग वरून पाणी कशाला ओतायचं?" पोरगं वाचलं, पण दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं आणि घरात होते नव्हते ते पैसे गेले.

आजीला दोष देण्यात अर्थ नाही. पाकीट घरात होतं. ते कशासाठी, कधी आणि का द्यायचं, हे तिच्यासमोर बसून कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी कागदावर मात्र तिच्या घराची नोंद झालेली होती आणि त्या नोंदीची बेरीज मी छापलेली होती.

तेव्हापासून या पाकिटाचा इतिहास वाचत बसलोय. तो वाचता वाचता बांगलादेशात जाऊन पोचलो. पूर, वादळ, कॉलरा, दारिद्र्य, युद्ध, सगळं एकाच पिढीत भोगलेला हा प्रदेश. तिथं एक उपाय घराघरांत रुजला आणि दुसऱ्या एका उपायानं कोट्यवधी लोकांच्या अंगात विष भरलं. दोन्ही उपाय चांगल्या हेतूनं केलेले होते. फरक कुठं पडला, ते सांगतो. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा.

सुरुवात १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीपासून करावी लागेल. बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. मेघना नदीच्या मुखाशी भोला, मनपुरा, हातिया अशी गाळानं बनलेली सपाट बेटं आहेत. पौर्णिमा उद्यावर आलेली, समुद्राला भरती, आणि त्याच वेळी चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. वीस फुटांहून उंच पाणी झोपलेल्या गावांवरून गेलं. मेलेल्यांचा नक्की आकडा आजही कुणाकडे नाही. कमीत कमी धरला तरी सव्वादोन लाख, आणि नेहमी सांगितला जातो तो अंदाज तीन ते पाच लाखांचा. तजुमुद्दीन नावाच्या एका भागातली जवळपास निम्मी माणसं एका रात्रीत गेली.

लोकांना इशारा दिला नव्हता का? दिला होता, रेडिओवर. नंतर अभ्यासकांनी वाचलेल्यांना विचारलं तेव्हा कळलं की दहापैकी नऊ जणांना वादळ येतंय हे माहीत होतं. पण पक्क्या इमारतीच्या आसऱ्याला गेलेले शंभरात एखाददुसरे. आदल्याच महिन्यात असा इशारा येऊन गेला होता आणि ते वादळ त्या मानानं सौम्य निघालं होतं. शिवाय जायचं कुठं? पक्की इमारत मैलोन् मैल नाही. गाय-बैल सोडून कोण जाईल? म्हणजे सरकारी दफ्तरात 'इशारा प्रसारित केला' अशी नोंद झाली आणि माणसं घरातच राहिली.

वादळानंतर ढाक्याच्या कॉलरा रिसर्च लॅबोरेटरीचे डॉक्टर बेटांवर पाहणीला गेले. अल्फ्रेड सोमर आणि विली मोस्ली या दोघांनी त्यावर १९७२ मध्ये लिहिलेला लेख आपत्तीचा अभ्यास करणारे आजही वाचतात. त्यातली एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. जिवंत राहिलेल्यांच्या छातीवर, दंडांच्या आतल्या बाजूला आणि मांड्यांवर सोलवटलेल्या जखमा होत्या. रात्रभर झाडाच्या खोडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा. डॉक्टरांनी त्याला नावच दिलं, 'सायक्लोन सिंड्रोम'. ज्यांच्या हातात तेवढी ताकद होती ती माणसं राहिली, म्हणजे मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन पुरुष. दहा वर्षांखालची मुलं लोकसंख्येत एक तृतीयांश होती, पण मेलेल्यांत जवळजवळ निम्मी तीच. बायका आणि म्हातारी माणसंही पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त गेली. 'निसर्गापुढे सगळे सारखे' असं आपण शोकसभेत म्हणतो, ते खरं नाही.

मनपुरा बेटावर तेव्हा मदतीला गेलेल्यांत या लॅबमधली काही परदेशी कुटुंबं होती आणि चितगावच्या शेल कंपनीतला एक तरुण अधिकारी होता, फझले हसन आबेद. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाकिस्तान सरकारची मदत उशिरा आणि तोकडी आली. त्याचा राग महिन्याभरात मतपेटीतून बाहेर पडला. डिसेंबरच्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला मिळाल्या. ही गोष्ट आपल्याकडे युद्धाच्या अंगानं खूपदा सांगितली गेलीय, म्हणून इथं थांबत नाही. मार्च १९७१ मध्ये लष्करानं कत्तल सुरू केली आणि वर्षभरात एक कोटीच्या घरात माणसं सीमा ओलांडून भारतात आली. तुमच्या घरी त्या काळातली जुनी पत्रं असतील तर बघा, त्यांवर पाच पैशांचं जादा तिकीट सापडेल. ते निर्वासितांच्या मदतीसाठी होतं, प्रत्येक पत्राला सक्तीचं.

पावसाळा लागला आणि छावण्यांमध्ये कॉलरा सुटला.

कॉलऱ्यात माणूस जंतूनं मरत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ वाहून गेल्यानं मरतो. जोराचा झटका असेल तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी संपतो. उपाय एकच मानला जायचा, शिरेतून सलाईन. त्यासाठी बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शीर सापडवणारा हात हवा. लाखोंच्या छावणीत हे आणायचं कुठून?

डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रात काम करत होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते सीमेवरच्या बनगाव इथल्या रुग्णालयात पोचले. कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी दोन खोल्या, सोळा खाटा. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीनं पडलेले. नंतर त्यांनी सांगितलंय की सलाईन लावायला अक्षरशः घाणीत आणि ओकारीत गुडघे टेकून बसावं लागायचं. दोन दिवसांत त्यांना कळून चुकलं की साठा पुरणार नाही आणि माणसंही पुरणार नाहीत.

मग त्यांनी जे केलं ते तेव्हाच्या वैद्यकीय शिस्तीत बसणारं नव्हतं. मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून तोंडानं पाजायचं ठरवलं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. कोलकात्याला केंद्राच्या खोलीत माणसं ओळीनं बसून पावडर मोजायची, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची आणि पिशवीचं तोंड गरम इस्त्री फिरवून बंद करायची. बनगावला मोठ्या पिंपांत ते पाणी कालवायचं, पिंपाला तोटी, आणि पाजणार कोण तर रुग्णाची आई, भाऊ, शेजारी. ज्याला तहान लागलीय त्यानं पीत राहायचं. इतकं साधं.

कल्पना त्यांना स्वप्नात सुचली नव्हती. ग्लुकोज सोबत असलं की आतडं मीठ आत ओढून घेतं आणि मिठामागून पाणी जातं, हे तोवर प्रयोगशाळेत कळलेलं होतं. कॉलऱ्याचं विष पाणी बाहेर काढतं, पण आत घेण्याची ही वाट शाबूत राहते. कोलकात्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ मध्ये १८६ रुग्णांना तोंडावाटे पाणी देऊन बरं केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं, पण जगानं फार लक्ष दिलं नाही. १९६८ मध्ये ढाक्याच्या त्याच कॉलरा लॅबमध्ये डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी नीट मोजमाप करून ते सिद्ध केलं. पण ते सगळं रुग्णालयात, नर्स-डॉक्टरांच्या नजरेखाली. छावणीच्या चिखलात अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांच्या हातात हा उपाय देणं, हे धाडस बनगावचं.

आधी छावण्यांमध्ये शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत होते. महालनबीसांच्या देखरेखीखाली हे प्रमाण चारच्या खाली आलं. तरी मोठ्या डॉक्टरांना पटायला काही वर्षं गेली. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'नं अग्रलेखात या उपायाची गणना शतकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात गेले. पद्मविभूषण मिळालं ते पुढच्या वर्षी, मरणोत्तर. जिवंतपणी आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत होतं? मला नव्हतं, खरं सांगतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती शोधाची गोष्ट झाली असती, आणि आजीच्या फडताळातली चार पाकिटं तशीच राहिली असती. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मनपुऱ्यावर गेलेल्या त्या फझले हसन आबेदांनी नोकरी सोडली, लंडनमधलं घर विकलं आणि १९७२ मध्ये सिल्हेट भागातल्या शाल्ला इथं मदतकार्य सुरू केलं. हीच 'ब्रॅक' संस्था. तिनं १९८० मध्ये ठरवलं की देशातल्या घरोघरच्या आयांना हे पाणी करायला शिकवायचं. पाकिटं देशभर पुरवणं शक्य नव्हतं, म्हणून घरातलंच साहित्य घेतलं. तीन बोटांची एक चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. 'लोबोन-गुड', मीठ-गूळ. धोका होता, कारण मीठ जास्त झालं तर लहान मूल दगावू शकतं. म्हणून बायकांनी केलेल्या पाण्याचे नमुने घेऊन ते तपासले जात. शिकवायला गावोगाव बायकाच फिरायच्या. मांडणी साधी. घरी जायचं, आईसमोर बसायचं, लक्षात ठेवायचे दहा मुद्दे सांगायचे आणि तिच्याकडूनच पाणी करवून घ्यायचं.

आता पगाराची पद्धत बघा. या कार्यकर्तीला किती घरं फिरली त्यावर पैसे नव्हते. काही आठवड्यांनी दुसराच माणूस त्यातल्या काही घरांत अचानक जायचा आणि आईला विचारायचा, काय शिकवलं होतं, करून दाखवा. आईला जेवढे मुद्दे आठवले, तिचं पाणी जेवढं बरोबर जमलं, त्यावर शिकवणारीचा मोबदला. आमच्या प्रेसनोटमध्ये नेमका हाच रकाना नसतो.

निकाल आले ते झकास. बहुतेक सगळ्या आयांना पाठ. मग कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला. पाठ आहे, पण मूल आजारी पडल्यावर वापरलं किती जणींनी? उत्तर आलं, जेमतेम सहा टक्के.

इथं दुसरी एखादी संस्था असती तर 'लोक अज्ञानी आहेत, मानसिकता बदलत नाही' असा अहवाल लिहून मोकळी झाली असती. आपल्याकडे असे अहवाल ढिगानं सापडतील. ब्रॅकनं लोकांनाच विचारायला सुरुवात केली. त्यातून तीन गोष्टी बाहेर आल्या आणि तिन्ही ऐकण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे भाषेची. डॉक्टर ज्याला 'डायरिया' म्हणतात त्याला गावात चार वेगळी नावं होती. दूध पिणाऱ्या बाळाचं पातळ होणं वेगळं, अजीर्ण वेगळं, आव वेगळी आणि कॉलऱ्यासारखे पाण्यासारखे जुलाब वेगळे. 'डायरिया' हा शब्द लोक फक्त शेवटच्या प्रकाराला वापरत. त्यामुळे बाई म्हणे, मला सांगितलं ते डायरियासाठी, माझ्या पोराला तर अजीर्ण झालंय. ती चुकत नव्हती. शिकवणाऱ्यांचा शब्द चुकीचा होता.

दुसरी गोष्ट, शिकवणाऱ्या बायकांचाच विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या औषधाच्या दुकानात जायच्या. लोकांच्या नजरेतून हे सुटतं होय? मग त्यांना प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी शरीरात काय करतं ते समजावून सांगितलं. म्हणजे ज्यांना फक्त निरोप्या म्हणून वापरलं होतं, त्यांना पहिल्यांदा कारण कळलं.

तिसरी, पुरुष. बाहेरच्या बायका येतात, आमच्या बायकांशी कुजबुजतात, हा काय प्रकार, म्हणून ते रुसलेले. मग बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांच्या बैठका घेतल्या. यानंतर वापर वाढायला लागला. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी देण्यात आज बांगलादेश जगातल्या पहिल्या काही देशांत आहे, आपल्या पुढे.

वादळांच्या बाबतीतही हा देश असाच, ठेचा खात शिकला. २९ एप्रिल १९९१ च्या रात्रीच्या चक्रीवादळात १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतरच्या पाहणीत दिसलं की पक्क्या इमारतीत पोचलेल्यांपैकी एकही जण दगावला नव्हता आणि न पोचलेल्यांतले २२ टक्के गेले होते. चाळिशीपुढच्या बायकांत तर जवळपास तीनातली एक. का नाही पोचल्या? नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय निघायचं कसं. आसऱ्याच्या जागी परक्या पुरुषांत रात्र काढायची, तिथं बायकांना आडोसा नाही, संडास नाही. कडेवर पोरं, अंगात साडी. इशारा यांच्याही कानावर आलाच होता. पुढे शाळा म्हणूनही वापरता येतील असे निवारे वाढले, बायकांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या, गुरांसाठी उंच टेकाडं झाली, दारोदार जाऊन सांगणाऱ्या स्वयंसेवकांत बायका आल्या. २००७ च्या 'सिद्र' वादळात मृत्यू साडेतीन हजारांच्या घरात होते. २०२० च्या 'अम्फान'मध्ये कोविड चालू असताना वीस लाखांहून जास्त माणसं हलवली गेली आणि बांगलादेशातले मृत्यू काही डझनांवर थांबले. भोल्याच्या आकड्याशेजारी हे आकडे ठेवून बघा.

आता नाण्याची दुसरी बाजू. तीही याच देशातली, याच वर्षांतली.

जुलाब-कॉलरा कशानं होतो, तर तळ्याचं पाणी प्यायल्यानं. मग तळ्याऐवजी जमिनीखालचं स्वच्छ पाणी द्या, हा विचार अगदी सरळ होता. युनिसेफ आणि तिथलं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी १९७० च्या दशकात नळकूप खोदायला सुरुवात केली. गाळाची जमीन, थोड्या खोलीवर पाणी, खर्च कमी. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशानं अंगणात नळकूप घेतले. पंप म्हणजे घराची इभ्रत, लग्न जमवताना सांगण्याची गोष्ट. संख्या पन्नास लाखांच्या पुढे कधी गेली कळलंच नाही. २००० सालापर्यंत ८० टक्के लोकांना 'सुरक्षित' पाणी देण्याचं उद्दिष्ट होतं, ते १९९७ मध्येच ओलांडल्याचं युनिसेफनं सांगितलं.

त्या पाण्यात आर्सेनिक होतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातलं, नैसर्गिक. रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यानं तीव्रता वाढते. आठ-दहा वर्षं पोटात गेलं की छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग दिसतात, तळहात-तळपाय जाड आणि खडबडीत होतात, पुढे कातडीचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कॅन्सर.

इशारा इथंही होता. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पश्चिम बंगालमधले असे रुग्ण दिसले आणि त्यांनी विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवलं. पुढे सीमेपलीकडून आलेले रुग्णही त्यांच्याकडे यायला लागले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते. बांगलादेशात सरकारी खात्यानं आर्सेनिकची पहिली खात्री केली ती १९९३ मध्ये, चापाई नवाबगंज जिल्ह्यात. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं तिथल्या पाण्याची तपासणी केली होती, पण आर्सेनिक तपासलंच नव्हतं. त्यावरून एका गावकऱ्यानं इंग्लंडमध्ये खटला भरला. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं तो फेटाळला. संस्थेची गावकऱ्यांप्रति तशी कायदेशीर जबाबदारी येत नाही, असा निकाल.

१९९८ ते २००० दरम्यान साडेतीन हजार नळकुपांची पाहणी झाली. उथळ नळकुपांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक बांगलादेशच्या मर्यादेहून जास्त निघालं, आणि ती मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या पाचपट सैल आहे. विष पिणारी माणसं किती? साडेतीन कोटींपासून पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली याचं वर्णन इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा असं केलं गेलं.

न्यायानं बोलायचं तर नळकूप खोदणारे दुष्ट नव्हते. तळ्याच्या पाण्यानं पोरं मरत होती हे खोटं नाही. उथळ भूजलात आर्सेनिक बघायची पद्धत तेव्हा नव्हती. ते समजू शकतो. पण पंप बसवल्यावर दहा-पंधरा वर्षांनी त्याच गावात जाऊन, बाई, या पाण्यानं तुझं कसं चाललंय, हे विचारायची सोय योजनेत नव्हती. पंप बसला की काम संपलं, आकडा चढला. लोकांच्या हातापायांवर डाग दिसत होते, आणि गावात त्याचा अर्थ लावला जात होता शाप किंवा महारोग. डाग आलेल्या मुलीचं लग्न जमेना, लग्न झालेलीला माहेरी पाठवलं जाई. रोग संसर्गजन्य नाही हे सांगायलाही कुणी वेळेवर गेलं नाही.

मग देशभर जवळपास पन्नास लाख नळकूप तपासले आणि पंपांना रंग दिले. हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. सुमारे १४ लाख पंप लाल झाले. ज्या पंपाचं वीस वर्षं कौतुक केलं तोच आता पिऊ नको म्हणायचं, आणि हिरवा पंप शेजाऱ्याच्या अंगणात, ज्याच्याशी बांधावरून बोलचाल बंद. पाणी आणायचं बाईनंच. काही जणी परत तळ्याकडे वळल्या. खोल नळकूप हा खात्रीचा उपाय होता, पण २०१६ च्या ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालानुसार सरकारी खोल नळकुपांतले बरेचसे पुढाऱ्यांच्या माणसांच्या दारात गेले आणि दोन कोटींच्या आसपास माणसं तेव्हाही आर्सेनिकचं पाणी पीत होती. रंग तर केव्हाच उडाले. नंतर घेतलेल्या खासगी नळकुपांना रंग मिळालाच नाही.

हे सगळं बांगलादेशचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर थोडं मागं जा. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून गावोगाव आहेत. विहिरी आटल्या तेव्हा यंत्रं आली, खडकात बोअर पाडले आणि हातपंप बसले. देशभर दिसणारा 'इंडिया मार्क टू' हातपंप आपल्या सोलापूर पंपावरूनच तयार झाला. त्या पंपांनी जीव वाचवले, यात शंका नाही. पण त्याच खोल खडकातल्या पाण्यात काही भागांत फ्लोराइड जास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत जा. पिवळ्या-तपकिरी दातांची पोरं आणि कंबर वाकलेली, सांधे आखडलेली माणसं भेटतील. तिथंही लोक बरीच वर्षं म्हणत होते, आमच्या गावाचे दातच असे.

आपल्याकडेही रंग आहेत. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते प्रामुख्यानं स्वच्छतेचं आणि साथरोगाच्या जोखमीचं. फ्लोराइड, नायट्रेट वगैरे बघायला रासायनिक तपासणी वेगळी करावी लागते आणि तिचा अहवाल वेगळा असतो. गेल्या आठवड्यात मी तालुक्यातल्या सात ग्रामपंचायतींत जाऊन दोन गोष्टी विचारल्या. हिरवं कार्ड सहा ठिकाणी भिंतीवर होतं. रासायनिक तपासणीचा शेवटचा अहवाल एका ठिकाणी मिळाला. बाकीच्यांनी 'वर असेल' असं सांगितलं. एका जलसुरक्षकानं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, "सायेब, बाटली भरून मी देतो, पुढं काय होतं मला कुणी सांगत नाही."

त्या आजीकडे परत गेलो होतो. आमच्या आशाताईंना सोबत नेलं. त्यांनी लेक्चर दिलं नाही. आजीच्याच तांब्यानं लिटरभर पाणी मोजून घेतलं, पाकीट तिच्याकडूनच फोडवलं, कालवायला लावलं आणि पहिला घोट स्वतः प्यायल्या. आजीनं मग विचारलं, "हे दात येताना होतं तेव्हा पण चालतं का?" आशाताई म्हणाल्या, हा प्रश्न मला सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारला.

तुमच्या गावाच्या पाण्याचा रासायनिक तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागून बघा. मिळाला तर तारखेसकट फोटो टाका, नाही मिळाला तर काय उत्तर दिलं ते लिहा. पुढच्या जुलैत प्रेसनोट आली की मी तिच्याशेजारी हेही छापणार आहे.